पारदर्शक कपाटातले पाच वाण

निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात मी पावाच्या कापांची जाडी मोजली आणि बायकोने वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून माझ्या बशीशेजारी ठेवली. कापाकापांत चार मिलिमीटरचा फरक आहे, एवढंच मी तिला शांतपणे, कसलाही आरोप न करता सांगत होतो. तिने जाहिरातीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे मोजा. आजपासून घरातलं काही मोजायचं नाही."

मी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. म्हणजे दुकानात शिरलो की दुकानदाराचा चेहरा पडायचा, तो मी. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक तराजूवर माझा शिक्का आहे, पण शिक्क्यावर नाव नसतं, क्रमांक असतो. निरीक्षक क्रमांक एकशे चौदा. निरोपसमारंभाच्या दिवशी व्यासपीठामागे कापडी फलक लावला होता, त्यावर नुसतंच 'हार्दिक निरोप' होतं. नाव घातलं की कापड पुन्हा वापरता येत नाही, असं हेडक्लार्क म्हणाले. त्यांचं चुकलं असं मला म्हणायचं नाही. सरकारी कापड आहे, जपूनच वापरलं पाहिजे. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

जाहिरात फुलसंशोधन केंद्राची होती. डोंगराळ भागातल्या हरितगृहांत गुलाबाचा कोणता वाण चांगला येतो याची पारख करायची होती आणि त्यासाठी हौशी नागरिक हवे होते. 'मोजमापाची आवड आवश्यक' हे वाक्य वाचून माझे कान गरम झाले. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : 'निष्कर्ष चाचणी घेणाऱ्याच्या नावासह पुस्तिकेत प्रसिद्ध केले जातील.' ही ओळ मी चारदा वाचली. पाचव्यांदा वाचायला लागलो तेव्हा बायकोने बशी उचलून नेली.

केंद्रातून एक मॅडम आल्या. वय फार तर अठ्ठावीस, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट आणि बोलणं मोजूनमापून. मला त्या पाहताक्षणीच पटल्या. आमच्या घरामागे उतारावर एक सपाट पट्टी आहे. तिथे त्या दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जागा उत्तम आहे. दुपारी भाजतं, सकाळी धुकं, रात्री गारठा. गुलाबाला काय काय सोसावं लागतं ते सगळं इथे एकत्र मिळेल." गावाची इतकी खरी स्तुती मी आजवर ऐकली नव्हती.

पाच वाण, प्रत्येकाची सहा रोपं, एकूण तीस. वाणांची नावं सांगणार नाही, फक्त क्रमांक, असं त्या म्हणाल्या. नाव कळलं की माणूस भुलतो. सगळ्यांना सारखं पाणी, सारखं खत, सारखी हवा. दर आठवड्याला दांड्याची लांबी मोजायची, कळीचा घेर मोजायचा, रोग किती पानांवर आला ते मोजायचं. फूल तोडलं की पाण्यात ठेवून ते किती दिवसांनी मान टाकतं, तेही लिहायचं.

"आणि काका," बूट झाडत त्या म्हणाल्या, "लाड करायचे नाहीत. एकाचेही. एवढं एक सांभाळा."

मी हसलो. एकतीस वर्षांत मी सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानातला तराजू जप्त केलेला माणूस आहे. मेव्हणा अजून माझ्याशी फक्त लग्नकार्यातच बोलतो, तेही पाठमोरा.

हरितगृह म्हणजे काय, तर लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेलं जाड पांढुरकं प्लॅस्टिक. दोन्ही बाजूंना गुंडाळता येणारे पडदे, दोरी ओढली की वर, सोडली की खाली. वीस फूट लांब, बारा फूट रुंद. हे उभं करायला परवानगी लागेल असं मला वाटलं आणि मी स्वतःच्या पायाने नगरपालिकेत गेलो. इथे माझ्या बायकोचं मत असं आहे, की या कथेतला पहिला मूर्खपणा हा.

बांधकाम विभागातल्या लेखनिकाने माझा नकाशा उलटा धरला, मग सुलटा धरला. "चार बाजू बंद, वर छप्पर, दार आहे. खोली झाली," तो म्हणाला.

"खोली नाही हो, प्लॅस्टिक आहे."

"खोली कशाची आहे हे आमच्याकडे विचारत नाहीत. राहणार किती जण?"

मी प्रामाणिक माणूस. म्हटलं, "तीस."

त्याने चष्मा काढला. "बारा बाय वीसमध्ये तीस? आणि संडास किती दाखवलेत?"

"ते गुलाब आहेत."

"आडनाव काही असो," तो म्हणाला, "तीस माणसांमागे दोन तरी लागतात."

हा घोळ निस्तरायला मला सात खेपा पडल्या. तंबू म्हणून अर्ज केला तर तंबू तीन दिवसांत उतरवावा लागतो. शेड म्हणावं तर शेडला बाजू नसतात. टाकी म्हणावं तर टाकीत पाणी पाहिजे. शेवटी त्याच लेखनिकाला माझी दया आली. सातव्या खेपेला त्याने इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "कपाटाला काय असतं? चार बाजू, वरचं झाकण आणि दार. कपाटाला परवानगी लागते का?" लागत नव्हती, पण मला कागद हवा होता म्हणून त्याने तोही दिला. आजही आमच्या मिळकतीच्या नोंदीत 'घराबाहेरील कपाट, पारदर्शक, एक नग' असं लिहिलेलं आहे.

कपाट उभं राहिलं, रोपं लागली आणि माझी मोजपट्टी, माझा वर्तुळमापक आणि माझं रजिस्टर पुन्हा कामाला लागलं. रजिस्टरला मी खाकी कव्हर घातलं. दर रविवारी सकाळी नऊ वाजता मोजणी. नऊ म्हणजे नऊ. पहिले काही आठवडे इतके सुखाचे गेले, की बायकोने मला पावाचे काप पुन्हा मोजायची परवानगी देऊ केली. मीच नको म्हणालो.

मग सल्ले सुरू झाले.

आमच्या शेजारी एक निवृत्त दंतवैद्य राहतात. उभा जन्म लोकांच्या तोंडात वाकून गेल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट आतून बघायची सवय आहे. ते रोज कुंपणावरून म्हणायचे, "पान उलटं करून बघा. किडीचं मूळ खालच्या बाजूला असतं. वरून हसरं दिसणाऱ्यावर जाऊ नका." माझे सासरे आमच्याकडेच असतात. ते निवृत्त पोस्टमास्तर आहेत. त्यांचं मत असं, की पत्र असो की पाणी, वेळेवर आणि भरपूर पोचलं पाहिजे. माझी मुलगी कॉलेजात असते आणि उरलेल्या वेळात फोनमध्ये. ती म्हणाली, "बाबा, सकाळी पानांवर थेंब बसतात म्हणून काळे ठिपके पडतात. थेंब घालवा." बायको प्राथमिक शाळेत शिकवते. तिने वर्गात नजर फिरवावी तशी रोपांवर नजर फिरवली आणि तिसऱ्या ओळीपाशी थांबली. "हे तीन नंबरचं मागे पडतंय हो. याच्याकडे जरा वेगळं लक्ष द्यायला हवं."

"वेगळं लक्ष द्यायचं नाही हेच तर लक्ष आहे," मी म्हणालो. हे वाक्य मला फार आवडलं होतं. तिला आवडलं नाही.

प्रत्येकाने आपापला वाण निवडला होता, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. सासऱ्यांना एक नंबर आवडायचा, कारण तो एक नंबर होता. दंतवैद्य दोन नंबरच्या पांढऱ्याशुभ्र पाकळ्यांपुढे हात मागे बांधून उभे राहायचे आणि म्हणायचे, "काय ठेवण आहे!" चार नंबर गुलाबी आणि नखरेल, त्याचे फोटो मुलगी जगभर पाठवायची. तीन नंबर फिक्या पिवळ्या रंगाचा, किरकोळ अंगाचा, म्हणून बायकोचा.

पाच नंबर कुणाचाच नव्हता. त्याचा रंग धड लाल नाही, धड तपकिरी नाही, जुन्या कौलासारखा. वास नाही. घरी येणारा प्रत्येक पाहुणा चार ओळींपाशी अहाहा करायचा आणि पाचवीपाशी आला की घड्याळाकडे बघायचा. मुलीने तर एकदा चार नंबरचा फोटो काढताना मला म्हटलं, "बाबा, ते पाच नंबर जरा हाताने बाजूला धरा ना, मध्ये येतंय." मी धरलं.

चौथा महिना संपत आला आणि रजिस्टरात एक विचित्र गोष्ट दिसू लागली. पाचही वाणांच्या दांड्याची सरासरी लांबी चोपन्न ते पंचावन्न सेंटिमीटरच्या आत. कळीचा घेर जवळजवळ सारखा. रोग जवळजवळ नाहीच. किरकोळ तीन नंबर आणि दांडगट एक नंबर, दोघे खांद्याला खांदा लावून उभे. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. मला संशय आला. बाजारात पंचवीस दुकानं असावीत आणि पंचवीसचे पंचवीस तराजू काट्याला बरोबर निघावेत, म्हणजे निरीक्षक येणार ही बातमी आधी फुटलेली असते. हे मला एकतीस वर्षांचा अनुभव सांगत होता.

तेवढ्यात केंद्राचं पत्र आलं. मॅडम आणि त्यांचे साहेब पुढच्या सोमवारी सकाळी दहा वाजता अंतिम पाहणीला येणार होते. आकडे पटले तर माझी चाचणी पुस्तिकेत जाणार होती, पान एकोणीस, नावासकट. ज्या हौशी नागरिकांना रोपं दिली होती, त्यातल्या एकाची शेळीने खाल्ली, एकाचं प्लॅस्टिक वाऱ्याने शेजारच्या डोंगरावर नेलं आणि एकाने सगळी रोपं बायकोच्या माहेरी भेट म्हणून दिली होती. उरलो मी एकटाच. मी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि दिवसभर खिसा चाचपत राहिलो.

पण संशय जाईना. रोज सकाळी सहा ते साडेसात मी फिरायला जातो, हे घरात सगळ्यांना ठाऊक. चोरी व्हायची असेल तर याच वेळात. म्हणून सोमवारी सकाळी मी नेहमीसारखी काठी घेतली, नेहमीसारखं दार आपटलं, वळणापर्यंत गेलो आणि घरामागच्या पायवाटेने परत येऊन कपाटात शिरलो. पाण्याच्या पिंपाशेजारी उभा राहिलो आणि खताचं रिकामं पोतं डोक्यावरून घेतलं. नोकरीत अशा पंधराएक धाडी मी घातल्या होत्या, पण तेव्हा गुडघे माझ्या बाजूने होते.

धुकं आतपर्यंत आलं होतं. दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. छपरावरून थेंब पडत होते, नेमके माझ्या मानेवर. थोड्या वेळाने दार किरकिरलं आणि कुणीतरी हळूच आत आलं. खोकल्यावरून कळलं, सासरे. ते पिंपालगतच्या एक नंबरच्या ओळीपाशी वाकले. खिशातून त्यांनी गोधडी शिवायची सुई काढली आणि पाण्याच्या नळीची भोकं एकेक करून मोठी करायला लागले. "पी बाबा, पी," ते पुटपुटत होते, "आज तपासणी आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण धाड घालणाऱ्याने घाई करायची नसते. आणखी कोण कोण जाळ्यात सापडतंय ते बघावं, म्हणून मी गप्प राहिलो.

दार पुन्हा किरकिरलं. पावलांचा आवाज जवळून गेला आणि केळ्याच्या सालींचा आंबूस वास आला. बायको. बादली ठेवल्याचा आवाज झाला, मग मगाने सालींचं खतपाणी घातल्याचा. "उगाच घाबरायचं नाही," ती तीन नंबरला सांगत होती, "आपला अभ्यास झालेला आहे." मागोमाग मुलगी अगदी जवळून गेली. तिच्या हातात केस वाळवायचं यंत्र आणि मागे घरातून ओढत आणलेली लांबच लांब वायर. घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. चार नंबरची पानं वाळायला लागली. गंमत अशी, की चार महिने हे सगळे आपापल्या ठरलेल्या वेळी येत होते. आज तपासणी म्हणून सगळे एकदमच आले होते आणि धुक्यामुळे एकालाही दुसरा दिसत नव्हता. यंत्राचा आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला असणार. पण कोण आहे म्हणून विचारावं, तर आपण इथे काय करतोय हे आधी सांगावं लागलं असतं.

अजून दोन नंबर राहिला होता. तोही राहिला नाही. दंतवैद्य माझ्या बाजूच्याच पडद्याखालून सरपटत आत आले. एका हातात स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस, दुसऱ्या हातात दात तपासायचा तो चिमुकला आरसा. पानामागे आरसा धरायचा, कीड शोधायची, कापसाने टिपायची. जन्मभराची सवय, हात अगदी हलका. एकेक पान तपासत ते माझ्या दिशेने सरकू लागले. शेवटच्या रोपाच्या शेवटच्या पानामागे त्यांनी आरसा धरला आणि त्यात त्यांना माझी अर्धी मिशी आणि एक डोळा दिसला.

त्यांनी जी किंकाळी फोडली, तशी त्यांच्या खुर्चीवर बसलेल्या कुणीही कधी फोडली नसेल. मुलीच्या हातातलं यंत्र उडालं. नशीब, वायरही त्यासोबत निसटली. बायकोने बादली आवाजाच्या दिशेने रिकामी केली. तिकडे मी होतो. पोतं डोक्यावर, अंगभर केळ्याच्या साली, अशा अवस्थेत मी "थांबा! पंचनामा!" असं ओरडलो. त्यावर सासरे घाबरून मागे सरले आणि आधाराला म्हणून पडद्याची दोरी धरली. पडदा सुटला. वीस फुटांचं प्लॅस्टिक एकदम आमच्यावर कोसळलं आणि बाहेर पडायला जो तो वेगवेगळ्या दिशेला वळल्यामुळे आम्ही सगळे त्यात व्यवस्थित गुंडाळले गेलो.

"पाय कुणाचा आहे हा?" सासऱ्यांचा आवाज.

"माझा. सोडा," दंतवैद्य.

"आई, तू इथे काय करतेयस?"

"आधी तू सांग."

याच क्षणी बाहेरून मॅडमचा आवाज आला. "काका? दहानंतर घाटातला रस्ता बंद होणार आहे म्हणून आम्ही लवकर आलो. आत आहात का?"

तपासणीसाठी आलेल्या सरकारी अधिकाऱ्यांपुढे प्लॅस्टिकच्या गठ्ठ्यातून बाहेर येण्याची पद्धत कुठल्याही नियमावलीत दिलेली नाही. मी आधी डोकं काढलं, मग नमस्कारासाठी एक हात. मॅडम तोंडावर रुमाल धरून डोंगराकडे बघू लागल्या. त्यांचे साहेब गंभीर माणूस होते. त्यांनी आम्हा सगळ्यांना एकेक करून नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "रोपं ठीक आहेत ना?"

रोपं ठीक होती. एकही मोडलं नव्हतं.

आम्ही ओसरीवर बसलो. चहा झाला. साहेबांनी माझं रजिस्टर उघडलं आणि पानामागून पान उलटत गेले. त्यांचा चेहरा फुलत गेला. "काय अक्षर! काय शिस्त! पाचही वाण इतके निरोगी आणि इतके सारखे मी कुठे पाहिले नाहीत. मॅडम, हे असंच्या असं छापायला द्या. नाव विचारून घ्या, वडिलांच्या नावासकट."

मी पाहिलं तर बायको माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होती. गप्प बसा, असा त्याचा अर्थ. सासरे छपराकडे बघत होते. मुलीने माझा हात दाबला. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. खरं सांगतो, मी गप्प बसणार होतो. वडिलांच्या नावासकट, म्हणजे आख्खी ओळ भरली असती. पण माझ्या तोंडून आपोआप शब्द बाहेर पडले, "साहेब, हा माल खरा नाही."

आणि मी सांगितलं. सुई, साली, यंत्र, आरसा, सगळं. सांगताना रागही येत होता आणि लाजही वाटत होती. माझी चूक नसताना माझ्या घरात खोटं माप निघालं होतं. चौघांनी माना खाली घातल्या. बायको तेवढी म्हणाली, "मागे पडलेलं पोर डोळ्यांनी दिसत असताना शिकवायचं नाही, हे मला जमत नाही." साहेबांनी एकेक पान घेऊन त्यावर आडवी रेघ मारली. एक रद्द, दोन रद्द, तीन रद्द, चार रद्द.

पाचव्या पानावर त्यांचं पेन थांबलं. "याला कुणी काय घातलं?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. "त्याच्याकडे तर आम्ही बघितलंही नाही," दंतवैद्य म्हणाले.

"काही म्हणजे काहीच नाही?"

"त्याचा तर मी फोटोसुद्धा नाही काढला," मुलगी म्हणाली.

साहेब खुर्चीत सरळ बसले. "मग ऐका. बाकीच्यांना दूध पाजल्यासारखं वाढवलंत तेव्हा कुठे ते चोपन्न-पंचावन्नला पोचले. हा वाण कुणी न बघता, धुकं, ऊन, गारठा सगळं सोसून साडेचोपन्नला उभा आहे. डोंगराला हवा तो गुलाब हाच! काका, तुमची चाचणी वाया गेली नाही. तुमच्यामुळेच तर हे कळलं. मॅडम, पान एकोणीस. लिहा नाव."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी तर माझी पाठ थोपटली, सुई हातातच होती. मॅडमनी पुन्हा पेन उघडलं आणि हसऱ्या तोंडाने विचारलं, "पूर्ण नाव, काका?"

आतापर्यंत मी कुणालाही न सांगितलेली एक गोष्ट होती. स्वतःलासुद्धा.

"चोपन्न," मी म्हणालो.

"काय?"

"साडेचोपन्न नाही. चोपन्न. अर्धा सेंटिमीटर मी जास्तीचा लिहिलाय."

बायकोचं तोंड उघडंच राहिलं. एकतीस वर्षं माझ्यासोबत संसार केलेल्या बाईला मी मिशी काढून टाकली असती तरी एवढा धक्का बसला नसता.

"चुकून?" साहेबांनी विचारलं. त्यांना मला वाट करून द्यायची होती, हे मला कळत होतं.

"नाही. दर रविवारी. जाणूनबुजून."

"पण का हो काका?" मॅडमनी विचारलं.

मला नीट सांगता येईना. तरी सांगितलं. "सगळे त्याला ओलांडून पुढे जायचे. मीही एकतीस वर्षं दुकानादुकानांत गेलो. मी आलो म्हणून कुणाला कधी आनंद झाला नाही. तो तिथे उभा राहायचा, काही न मागता. मग मोजताना पट्टी आपोआप थोडी खाली धरली जायची."

"अर्धाच सेंटिमीटर?" साहेब म्हणाले. "द्यायचाच होता तर एक-दोन द्यायचे."

"त्याहून जास्त द्यायची हिंमत झाली नाही," मी म्हणालो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासऱ्यांनी खिशातून रुमाल काढून दिला. त्यात दोऱ्याचं रीळ निघालं.

साहेब उठले. माझीच पट्टी घेऊन ते पाच नंबरपाशी गेले, सहाही रोपं त्यांनी स्वतः मोजली. सरासरी चोपन्न. बरोबर चोपन्न. वाण तरीही डोंगराला सगळ्यांत योग्य ठरला. पण ज्याने स्वतः आकड्यात फेरफार केला, त्याचं नाव चाचणी घेणारा म्हणून छापता येत नाही, असा नियम होता. तो त्यांनी मला अगदी अवघडून सांगितला. मी म्हटलं, "नियम बरोबर आहे. मी असतो तर मीही तेच केलं असतं."

पुस्तिका आठ महिन्यांनी आली. पान एकोणीस मी उघडलं तेव्हा घरातले सगळे माझ्या खांद्यावरून वाकले होते. दंतवैद्य कुंपण ओलांडून आले होते. तक्त्यात एकच वाण होता, पाचवा. 'दांड्याची लांबी : ५४ सें.मी.' आणि खाली, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत, एक तळटीप : 'चाचणी घेणाऱ्याच्या स्वतःच्या कबुलीनुसार अर्धा सें.मी. वजा करून.' बस्स. नाव कुठेच नाही. मी भिंग घेऊन पाहिलं, मागचं पान पाहिलं, मलपृष्ठही पाहिलं.

बायकोने पुस्तिका माझ्या हातातून घेतली, तळटीप वाचली आणि तडक फोनकडे गेली. तिच्या भावाला, म्हणजे त्या तराजूवाल्या मेव्हण्यालाच, फोन लावला. मी तिला खुणा करत होतो, नको म्हणत होतो. तिने माझ्याकडे पाठ केली.

"अरे, ऐक," ती मोठ्याने म्हणाली, "ह्यांचं छापून आलंय पुस्तिकेत." आणि तिने ती तळटीप त्याला शब्दन्‌शब्द वाचून दाखवली.

मग मेव्हण्याचा आवाज इतक्या जोरात आला, की ओसरीवर सगळ्यांना ऐकू गेला.

"अगं, नाव कशाला छापायला पाहिजे? हे वाचून दुसरं कुणी डोळ्यांपुढे येतंय का? दे त्यांच्याकडे फोन."